परग्रहावरील जीव आणि आपला देव्हारा



नेरळ मागे टाकून कळंबच्या वाटेला लागले की पोशीर येते. वैशाखातल्या रात्री नदीकाठी उभे राहून पूर्वेकडे पाहिले, तर सह्याद्रीची काळी भिंत दिसते आणि तिच्यावर तारे. त्या भिंतीच्या माथ्यावर भीमाशंकराचे ज्योतिर्लिंग आहे; आपल्या तालुक्यातली माणसे खांडसच्या वाटेने तेथे चढून जातात. त्याच डोंगरापलीकडच्या पठारावर, नारायणगावाजवळ खोडद येथे, 45 मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आकाशाकडे तोंड करून बसल्या आहेत. मंगळावर कधी जीव होता काय, हे शोधू पाहणाऱ्या युरोपीय मोहिमेतील एक यान 2016 साली त्या ग्रहावर उतरू लागले, तेव्हा त्याचा क्षीण आवाज ह्याच दुर्बिणींनी टिपला. यान पुढे आदळून फुटले. आवाज मात्र खोडदला पोहोचला होता.

आज प्रश्न असा घ्यावयाचा आहे की, उद्या पृथ्वीबाहेर खरोखरच जीव सापडला, तर आपल्या देव्हाऱ्याचे काय होईल? भविष्य वर्तविण्याचा आमचा धंदा नव्हे. परंतु आकाश बदलल्याचा प्रसंग महाराष्ट्रावर पूर्वी एकदा येऊन गेला आहे. त्या वेळी काय घडले, ते पाहिले म्हणजे पुढचा अंदाज बांधता येईल.

गोष्ट 1836 सालची. भोपाळजवळ सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन नावाचे इंग्रज अधिकारी होते. तेथील संस्कृत पाठशाळेत त्यांनी एक युक्ती योजिली. कोपर्निकसाचे मत शास्त्रीमंडळींच्या गळी एकदम उतरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुराणांतील पृथ्वी सपाट. मध्ये मेरू, भोवती सात द्वीपे आणि खाऱ्या पाण्यापासून दुधा-तुपापर्यंतचे सात समुद्र. चंद्र तर सूर्याच्याही वर. तेव्हा विल्किन्सन यांनी आधी भास्कराचार्य पुढे केले. बाराव्या शतकातल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वी गोल आहे, हे आपल्याच आचार्यांनी सप्रमाण सांगितले होते. ती पायरी चढल्यावर पुढची पायरी कोपर्निकसाची.

ही पायरी मराठीत चढून दाखविणारे गृहस्थ म्हणजे सुबाजी बापू. त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ त्याच साली प्रसिद्ध झाला. त्यात पौराणिक, सिद्धान्ती आणि कोपर्निकसाचे अशी तिन्ही मते शेजारी शेजारी मांडून त्यांनी निवाडा केला, तो कोपर्निकसाच्या बाजूने. सुबाजी बापू स्वतः ज्योतिषी होते, हे ध्यानात ठेवावे. पृथ्वी विश्वाच्या मध्यावर नाही, हे त्यांनी मान्य केले आणि तरीही ते हिंदूच राहिले. युरोपात अनेक जगांची कल्पना हा जिओर्दानो ब्रूनोवरील अनेक आरोपांपैकी एक आरोप होता. 1600 साली त्याला रोमला जाळण्यात आले. आपल्याकडे सरण रचावे लागले नाही.

ह्याचा अभिमान वाटावा काय? थोडा जरूर वाटावा. ज्या भाविकांच्या तोंडी देवाचे नावच ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ असे आहे, त्यांना आणखी एका ग्रहावरील जिवांची अडचण ती काय होणार? जैनांच्या विश्वरचनेत जीव सर्वत्र भरलेले. मुसलमानांचा ईश्वर ‘सर्व जगांचा पालक’. अडचण अधिक असेल ती ख्रिस्ती धर्माला, कारण देवपुत्राचा अवतार एकदाच आणि ह्याच भूमीवर झाला, असे तो मानतो. टॉमस पेन याने 1794 साली हीच विसंगती दाखवून टीका केली होती. परंतु खुद्द व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीने 2009 साली परग्रहांवरील जीवसृष्टीवर अभ्यासकांची परिषद भरविली. धर्म आपण समजतो त्याहून लवचीक असतात.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही तुम्हांस अर्धाच इतिहास सांगितला, असे होईल.

सुबाजी बापूंच्या चरित्रात आणखी एक पान आहे. 1839 साली विल्किन्सन यांनी ‘वज्रसूची’ प्रसिद्ध केली. जन्मावरून ठरणाऱ्या ब्राह्मण्यावर कठोर आघात करणारा हा जुना संस्कृत ग्रंथ अश्वघोषाच्या नावावर सांगितला जातो. त्याच पुस्तकात त्याला दिलेले उत्तरही छापले आहे. ‘लघुटंक’ हे ते उत्तर, आणि ते लिहिणारे सुबाजी बापूच! पृथ्वीला मध्यावरून उठविण्यास तयार झालेला हा विद्वान आपल्या जातीला मध्यावरून उठविण्यास तयार झाला नाही. आकाश बदलले, ओसरी आणि अंगण ह्यांच्यातले अंतर तेवढेच राहिले.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे. अलिबागजवळच्या नागावला 1825 साली जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरुनाना. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केलेल्या ह्या गणितज्ञाने 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि पुढे आकाशाशी जुळणारे पंचांग काढले. आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयामुळे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. ते अचूक होते, पण फार थोड्यांनी स्वीकारले. कारण नव्या गणिताने काही वर्षी अधिक मास बदले आणि सण महिनाभर पुढेमागे होत. सूर्य स्थिर आहे म्हटले, तर लोक माना डोलावीत. गणपती कधी बसवावयाचा, हा प्रश्न आला की तेच लोक हटून बसत. अर्थ उघड आहे. श्रद्धेला धक्का ताऱ्यांनी बसत नाही. तो बसतो उपवासाच्या तिथीने आणि पंक्तीतल्या पाटाने.

आता आजच्या शोधाकडे वळू. 1995 साली सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला; आज असे ज्ञात ग्रह सहा हजारांवर गेले आहेत. 2025 साली केंब्रिजच्या संशोधकांनी सुमारे 124 प्रकाशवर्षे दूरच्या एका ग्रहाच्या वातावरणात जिवांशी संबंधित वायूची चिन्हे दिसल्याचे सांगितले. इतरांनी त्यावर लगेच शंका घेतली. आपले जयंत नारळीकर ह्या वाटेवर फार आधी चालले होते. त्यांच्या पुढाकाराने 2001 आणि 2005 साली हैदराबादहून बलून सोडून वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरील हवा गोळा केली गेली. तीत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. त्यांतल्या एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. हे जिवाणू अवकाशातून आले, असे मात्र सिद्ध झालेले नाही, आणि तसा दावा करण्याची घाई नारळीकरांनी केली नाही.

ही घाई न करण्याची वृत्तीच आपल्याला शिकावयाची आहे. शोध लागताच ‘हे आमच्या पोथीत होतेच’ असे म्हणणारे पुष्कळ निघतील. अशा माणसाची श्रद्धा मोडत नाही हे खरे, पण ती काही शिकतही नाही. आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे म्हटले, तेव्हा ब्रह्मगुप्ताने त्याला खोडून काढले, आणि पुढच्या टीकाकारांनी त्याच्या शब्दांचा अर्थच फिरविला. पोथीत असणे निराळे आणि पोथी उघडून मानणे निराळे.

म्हणून आमचे मत असे की, परग्रहावर जीव सापडला तर देव्हारे ओस पडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी काकडआरती होईल, भीमाशंकराची वाटही चालू राहील. कसोटी लागेल ती दुसरीकडे. ह्याच कर्जत तालुक्यात, ठाकर आणि कातकरी वाड्यांसाठी शाळा आणि धान्यकोठ्या उभारणारे भाई कोतवाल 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. शेजारी कोण, हे कळण्यास त्यांना दुर्बीण लागली नाही.

शेकडो प्रकाशवर्षांवरच्या जिवाला आपण उद्या आनंदाने ब्रह्मांडनायकाचे लेकरू म्हणू. नदीपलीकडच्या वाडीतल्या लेकराला आजच तसे म्हणता येते काय, एवढाच प्रश्न तुमच्यापुढे ठेवून आम्ही रजा घेतो.