युक्कुरी कथन

युक्कुरी कथन हा जपानमधील चित्रफितींचा एक लोकप्रिय प्रकार आहे. 'तोहो' या व्हिडिओ गेम मालिकेतील रेइमू ही शिंतो मंदिराची सेविका व मारिसा ही जादूगारीण यांची केवळ गोल मस्तके पडद्यावर दिसतात आणि संगणकनिर्मित आवाजात बोलतात. 'युक्कुरी' म्हणजे सावकाश, निवांतपणे. ही मस्तके २००८ च्या सुमारास अक्षरे व चिन्हे जुळवून काढलेल्या चित्रांतून रूढ झाली. बहुधा एक सांगते, दुसरी शंका विचारते. मोमोतारोसारख्या लोककथाही याच रीतीने सांगितल्या जातात. आवाजात चढउतार जवळजवळ नसल्याने करुण प्रसंग कोरडे पडतात, विनोद मात्र खुलतो.

लोककथांशी या मालिकेचे नाते जुनेच आहे. २००४ मधील 'इम्पेरिशेबल नाइट' या गेममधील कागुया ही 'ताकेतोरी मोनोगातारी' या प्राचीन कथेतील, बांबूच्या पेरात सापडलेल्या चंद्रकन्येवरून घेतलेली आहे.

मालिकेचे कर्ते झुन यांनी चाहत्यांच्या नवनिर्मितीस उदार मुभा दिली, म्हणूनच हा प्रकार फोफावला. २०२२ मध्ये ही मोकळीक धोक्यात आली. 'युक्कुरी चाबानगेकी' (युक्कुरी प्रहसन) हे सर्वांच्या वापरातील नाव एका व्यक्तीने व्यापारचिन्ह म्हणून नोंदवल्याचे जाहीर होताच तीव्र विरोध झाला व त्याच वर्षी तो हक्क सोडून देण्यात आला.