लाल बावटा कलापथक केव्हा थांबले?

मागील वर्षाअखेर कळमन्याच्या बाजारातील आमच्या हमाल संघटनेची हिशेबाची वही मी तपासावयास बसलो असता ‘कलापथक’ या खात्यापुढे मला सलग पाच वर्षे कोरी जागा दिसली. त्यापूर्वीची शेवटची नोंद डफाला नवे चामडे चढविल्याची आहे. पथक बंद करण्याचा ठराव कधी झाला नव्हता. कोणी राजीनामा दिला नव्हता, भांडण तर नाहीच नाही. एकाच्या घरी आजारपण आले, दुसरा गावी परतला, तिसऱ्याला मिरचीच्या पोत्यांच्या धुरळ्याने दम लागला आणि त्याचा आवाज गेला. खजिनदारांनी विचारले, “हे खाते मिटवायचे की पुढे ओढायचे?” मला उत्तर देता आले नाही. आमचे पथक लहान, त्याची मातब्बरी ती काय! परंतु ज्या पथकाकडे पाहून आम्ही डफ हाती घेतला, ते तरी नेमके केव्हा थांबले, असा प्रश्न मनात आला, आणि आजचे व्याख्यान त्यातून निघाले आहे.

लाल बावटा कलापथक १९४४ साली मुंबईत उभे राहिले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ही त्यातील तीन नावे सर्वांस ठाऊक आहेत. अण्णाभाऊ वाटेगावचे, मातंग समाजात जन्मलेले, शाळा अवघी दीड दिवसाची, वडिलांबरोबर पायी चालत मुंबईस आलेले. अमर शेख बार्शीचे. त्यांचा आवाज असा की लाखाच्या सभेत ध्वनिक्षेपक बंद पडला तरी चालावे, असे ज्यांनी ऐकले ते सांगत. गवाणकर स्वतः शाहीर आणि पथकाचा तिसरा खांब. तिघांनी केले काय, तर तमाशाचा साचा घेतला आणि त्यातील माल बदलला. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि श्रमणाऱ्या माणसाला वंदन आले, गवळण गेली, आणि वगात राजाराणीच्या जागी सावकार, काळाबाजारवाला, पुढारी व शेतकरी उभे राहिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही त्या वगांची नावे. पडदा नाही, तिकीट नाही. गिरणीचे फाटक, चाळीचा चौक, नाहीतर शेतकरी परिषदेचा मांडव, हेच रंगमंदिर.

अशा पथकाचा शेवट शोधणे कठीण का जाते, हे समजण्यासाठी आपल्या नाटक मंडळ्यांकडे पाहावे. ललितकलादर्श मंडळी केशवराव भोसल्यांनी १९०८ साली काढली. १९२१ साली केशवराव गेले, तेव्हा बापूराव पेंढारकरांनी ती चालविली. १९३७ साली बापूरावही गेले. पुढे १९४२ साली भालचंद्र पेंढारकरांनी तिला पुन्हा उभे केले. ही साले आपल्याला बिनचूक सांगता येतात, कारण मंडळीला मालक असे, पडदे व कपडेपट असे आणि बहुधा कर्जही असे. जेथे धनको आहे तेथे शेवटाची तारीख लिहिली जाते. विलायतेतील बीटल्स या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचेही तसेच झाले. १९६९ च्या जानेवारीत एका इमारतीच्या गच्चीवर त्यांनी लोकांपुढे अखेरचे वादन केले, १९७० साली ते फुटले आणि भागीदारी कायद्याने मोडावयास १९७५ साल उजाडले. पैसा फार होता म्हणून न्यायालयाने मृत्यूचा दाखला दिला. लाल बावटा पथकापाशी वाटून घेण्यासारखे काहीच नव्हते.

मग शेवट कोठे धरावा? पहिली जागा स्वातंत्र्यानंतरच्या लगतच्या वर्षांतली. १९४८ साली कम्युनिस्ट पक्षाने कलकत्त्याच्या अधिवेशनात लढ्याचे टोकाचे धोरण घेतले, आणि त्यानंतर पुढारी तुरुंगात किंवा भूमिगत झाले. मुंबई सरकारने तमाशावर व पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. येथे पथक संपले असते तर नवल नव्हते. परंतु अण्णाभाऊंनी ‘तमाशा’ हे नाव बाजूला ठेवून आपल्या वगांना ‘लोकनाट्य’ म्हटले आणि खेळ पुन्हा सुरू झाले. आज सरकारी पारितोषिके ज्या लोकनाट्याला मिळतात, त्याचे हे नाव बंदी चुकविण्याच्या खटपटीत रूढ झाले, हे विसरले जाते. बंदीने पथक मेले नाही, याचे कारण सरळ आहे. बोलावणारे शाबूत होते. गिरणगावातील समित्या, चाळींतील मंडळे, शेतकऱ्यांच्या सभा ही सगळी पथकाची वाट पाहत होती.

पुढची वर्षे तर भरतीची. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि या शाहिरांचा आवाज पक्षाच्या कुंपणाबाहेर गेला. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णाभाऊंची छक्कड याच काळातली. पोटासाठी मुंबईस आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, आणि ऐकता ऐकता ती बायको म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूख होते. आम्ही नागपूरकरांनी येथे एक गोष्ट प्रांजळपणे कबूल करावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो, आणि आमच्यातील पुष्कळांना स्वतंत्र विदर्भ हवा होता. लोकनायक बापूजी अणे त्या बाजूचे होते. त्याच नागपुरातून १९५७ साली कामगारांचे पुढारी ए. बी. बर्धन अपक्ष म्हणून विधानसभेत गेले. तेव्हा ती छक्कड येथे ऐकताना प्रत्येकाच्या डोळ्यांना पाणी आलेच असेल असे मी म्हणणार नाही.

१ मे १९६० रोजी राज्य झाले. माझ्या मते पथकाचा शेवट त्याच्या आसपास शोधावा. लोक १९६९ साल सांगतात, आणि त्यालाही कारण आहे. त्या वर्षी १८ जुलैला अण्णाभाऊ गेले आणि बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. त्याआधी १३ जूनला आचार्य अत्रेही गेले होते. एका पावसाळ्यात चळवळीचा कंठच गेला असे वाटावे, अशी ही वेळ. परंतु माणसांचे मरण आणि पथकाचे मरण एक नव्हे. १९६० नंतर ही माणसे काय करीत होती ते पाहा. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली होती. १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी अण्णाभाऊ सोव्हिएत रशियास जाऊन आले, आणि त्यांच्या ‘वैजयंता’चा बोलपटही त्याच वर्षीचा. ते कादंबरीकार झाले होते, आणि थोर झाले होते, जरी राहणे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच होते. अमर शेख चित्रपटांत दिसत होते, ‘धरतीमाता’ हा काव्यसंग्रह त्यांनी दिला, आणि १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा देशरक्षणाची गाणी गात ते फिरले. पक्ष त्याच प्रश्नावर आतून दुभंगत होता आणि १९६४ साली फुटलाच. आवाज होता, लेखणी होती, तीही एकाच शहरात. एकाच संध्याकाळी एकाच चौकात त्यांनी उभे राहावे अशी निकड तेवढी उरली नव्हती.

कोणी म्हणेल, माणसे गेली तरी पथक चालविता येते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचे उदाहरण देतील. वसंत बापट त्यात होते, निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके त्यातून पुढे आले, एक पिढी उठली की दुसरी बसे. खरे आहे. पण तेथे मागे शाखा होत्या, शिबिरे होती, दरवर्षी नवी मुले येत. आमच्या पक्षाने आणि संघटनांनी शाहिराला सभेआधी गर्दी जमविण्यापुरते धरले. शाहीर आला, लोक जमले, पुढारी बोलावयास उभे राहिले, की शाहिराने खाली उतरावे! मीही हे केले आहे. डफवाल्याला “आता आटोप” अशी खूण मी स्वतः कितीदा केली, त्याची मोजदाद नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा लाल बावटा पथकाला बोलावण्याची सर्वांत मोठी वेळ आली होती. बोलावणार कोणाला? पुढे ते फाटकही राहिले नाही. येथे नागपुरात १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली. ज्या चौकात पथक उभे राहात असे तो चौकच गेल्यावर गाणे जयंतीच्या व्यासपीठावर जाऊन बसले. दर १ ऑगस्टला ते ऐकू येते, आणि चांगले गायिले जाते. पण गाणे चालू आहे म्हणून पथक चालू आहे असे मला म्हणता येत नाही. पुढे विलास घोगऱ्यांसारखे शाहीर मुंबईच्या वस्त्यांत उभे राहिले. १९९७ च्या जुलैत रमाबाई नगरात गोळीबार झाला, त्यानंतर चार दिवसांनी त्यांनी आपले जीवन संपविले. २००२ साली पुण्यात कबीर कला मंच निघाला. हे सारे अण्णाभाऊंचे ऋण मानणारे, परंतु प्रत्येकाला मुळापासून, नव्या नावाने सुरुवात करावी लागली. जुने पथक जिवंत असते तर ती लागली नसती.

हे सर्व मी आमच्या कार्यकारिणीपुढेही मांडले. माझे म्हणणे असे होते की खाते मिटवावे, आणि ते मिटविल्याची तारीख व कारण वहीत स्पष्ट लिहावे. १९६९ साली माथाडी-हमालांचा कायदा झाला त्याची प्रत आमच्या कपाटात आहे, त्याच कपाटात डफ आहे, तेव्हा दोहोंचा हिशेब सारख्याच नेटकेपणाने व्हावा. दोघे सभासद या मताचे निघाले, तिघे विरुद्ध. एका म्हाताऱ्या मापाऱ्याने विचारले, “उद्या संप झाला तर?” बराच वाद झाला. शेवटी विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवला आहे.