पेठ आणि पायरी
१८९१ साली मिरजेहून आगगाडी कोल्हापुरास आली. १८९४ साली शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला आणि पुढल्याच वर्षी, गुळाचा व्यापार वाढावा म्हणून, स्टेशनाजवळ शाहूपुरी पेठ वसली. माझे आजोबा तेथे एका अडतीवर तोलाईदार होते. नुसत्या हाताने उचलून ते रव्याचे वजन सांगत, असे वडील म्हणत.

पुढे गूळ मार्केट यार्डात गेला. आता तेथे नवी दुकाने, हॉटेले आहेत. आमची जुनी खोलीही इमारतीसाठी पाडावयाची आहे. प्रथम मी हळहळलो. पण ही पेठही एकदा नवीच होती की! नव्याशी माझे भांडण नाही. त्याच्या पायरीवर तोलाईदाराच्या नातवाला जागा आहे काय, एवढेच मला विचारावयाचे आहे.