द्राक्षाचा घड आणि न्हावा-शेवाचं बंदर

चिरनेरमध्ये बोलायचं तर 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहापासूनच सुरुवात करायला हवी. आक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला, तेव्हा भांडण कशाचं होतं? सरकार म्हणत होतं, जंगल आमचं. गाव म्हणत होतं, आम्ही त्यावरच जगतो. आजचा विषय पुरवठा साखळी आणि उद्योगातलं नवेपण हा आहे, आणि त्यातही हा वाट्याचा प्रश्न येतोच.

उद्योजक नवं काही काढतो, ट्रकवाला ते पोचवतो, अशी आपली समजूत असते. पण इतिहासात हा क्रम कित्येकदा उलटा दिसतो. नाशिकचं द्राक्ष घ्या. द्राक्ष तोडल्यावर आणखी पिकत नाही, नुसतं उतरत जातं. ते युरोपात न्यायचं, तर तोडल्यापासून काही तासांत गार करायचं, पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारं पॅड ठेवायचं आणि समुद्रावरचे आठवडे त्याच थंडीत काढायचे. 1991 साली बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी केली ती यासाठी. त्याच्या दोनच वर्षं आधी, 26 मे 1989 ला, आपल्या शेजारी न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं होतं.

मग बागच बदलली. तिकडच्या दुकानाला एकसारखे मणी हवेत, म्हणून घडांची विरळणी काटेकोर झाली. 2003 मध्ये युरोपात गेलेल्या काही मालात कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर सापडले. त्यातून 2006 मध्ये ‘ग्रेपनेट’ आलं: प्रत्येक बागेची नोंद, तोडणीआधी प्रयोगशाळेत तपासणी, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग. म्हणजे बघा, हे नवेपण साखळीनं मागितलं म्हणून आलं.

आमच्या तत्त्वज्ञानात मडक्याचं उदाहरण नेहमी येतं. मडकं कुणामुळे झालं? कुंभारामुळे. हे खरंच, पण मातीचं काय? ती नसती तर कुंभारानं काय घडवलं असतं? बागायतदाराचं, निर्यातदाराचं कौतुक जरूर करावं. पण शीतगृह, रस्ता, धक्का आणि त्यांच्या खालची जमीन हीसुद्धा कारणंच आहेत.

त्या जमिनीचा हिशोब याच तालुक्यानं मांडला. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. जमीन देणारा हा पुढच्या वाढीतही वाटेकरी आहे, हा विचार त्यात आहे. मला विचाराल तर हाही एक शोधच, आणि तो कुठल्या कंपनीनं लावलेला नाही.

म्हणून नव्या उद्योगाची गोष्ट ऐकाल तेव्हा एवढं विचारा: याची साखळी कुठून जाते, आणि तिथल्या माणसांना त्यातून काय मिळतं?