घाटावरचा पडदा, घाटाखालचा पडदा

कणकवली तालुक्यातल्या फोंडाघाटहून घाट चढलं की रस्ता राधानगरीवरून कोल्हापूरला जातो. या घाटाच्या वर आणि खाली नाटकाचे दोन निरनिराळे पडदे नांदले.

वरच्याचं कूळ युरोपातलं. अथेन्सला डायोनिसस देवाच्या उत्सवात नाटकं होत ती दिवसाउजेडी, टेकडीच्या उतारावर बसलेल्या लोकांपुढे. दर्शनी पडदा नव्हताच. रोमनांनी तो आणला, पण त्यांची तऱ्हा उलटी : खेळ सुरू होताना पडदा खाली खाचेत उतरे, संपताना वर येई. पुढे इटलीत रंगमंचापुढे कमानीची चौकट आली. पार्मा शहरातलं १६१८ साली बांधलेलं फार्नेसे नाट्यगृह त्याच घडणीचं. ही चौकट इंग्रजांबरोबर मुंबईत पोचली. १८४६ साली ग्रँट रोडला नाट्यगृह उघडलं आणि १८५३ मध्ये सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी तिथे मराठी नाटकं केली. संगीत नाटकांच्या भरात पडदे रंगवणं हे वेगळंच कसब झालं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी, चित्रकार आनंदराव पेंटर यांच्या जोडीनं, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ साली पुरं केलेलं पॅलेस थिएटर म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत सापडलं.

घाटाखाली दशावतार या लोकनाट्याचा पडदा मात्र दोघांनी दोन टोकांना धरायचा. त्याला ना खांब, ना दोरी. त्याआडून गणपती प्रकटतो, रिद्धी-सिद्धी येतात. पुढे संकासुर लोकांना हसवतो आणि मग आख्यान लागतं. राजाचा दरबार काय, ऋषीचा आश्रम काय, सगळं एका बाकावर. संहिता लिहिलेली नसते. कथानक आधी ठरतं, संवाद उभ्या उभ्या सुचतात. सोबतीला पेटी, पखवाज, झांज. रात्र सरते आणि पहाटे दहीहंडी फुटते, म्हणून मालवणीत या खेळाला ‘धयकालो’ म्हणतात.

आता इथेही रंगीत पडदे आणि ट्रिकसीन आले आहेत. त्यांना माझी हरकत नाही. पण नाटकाला चौकट लागतेच, हा समज खोटा आहे. अथेन्सकरांचं तिच्यावाचून अडलं नाही, आमच्या दशावतारी कलावंतांचंही नाही. येत्या हिवाळ्यात तळकोकणातली एखादी जत्रा गाठा, पुढ्यात बसा आणि हंडी फुटेपर्यंत उठू नका.