रुपयामागे एक आणा

रविवारी जोतिबाच्या पायऱ्यांवर गुलालात माखलेला ओळखीचा एक फौंड्री कामगार भेटला. म्हणाला, "चाचा, पगारातनं दर महिन्याला बाराशे कापत्यात. आठ वर्षं झाली. आता दुसरीकडं लागतोय, तर सगळंच काढून घेतो."

मी पडलो कवी. हिशेबाशी माझं फारसं सख्य नाही. पण ही कपात जुनी आहे. 15 नोव्हेंबर 1951 च्या वटहुकमानं भविष्यनिर्वाह निधी आला, 1952 मध्ये त्याचा कायदा झाला. सुरुवातीच्या सहा उद्योगांत कापड होतं, लोखंड-पोलादही होतं. म्हणजे शाहू मिलच्या आणि ओतकामाच्या आमच्या कोल्हापूरचेच धंदे. दर सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा! तेवढाच मालकानं घालायचा.

आज बहुतेक ठिकाणी तो बारा टक्के आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून दहा हजार असतील, तर कामगाराचे बाराशे, मालकाचेही बाराशे. मात्र मालकाच्या बाराशेतले 833 रुपये फंडाच्या शिलकेत जमा होत नाहीत. 1995 च्या योजनेनुसार ते पेन्शनकडे जातात. गडी फसतो तो इथंच. मासिक पेन्शनला किमान दहा वर्षांची नोकरी लागते. आठव्या वर्षी पेन्शनचेही पैसे उचलले, की ती आठ वर्षं पुसली जातात आणि नव्या ठिकाणी मोजणी पहिल्यापासून.

"मग काय करू?"

"पैसे काढू नकोस. खातं नव्या फौंड्रीकडं बदलून घे. दोनच वर्षं राहिलीत."

त्यानं कपाळावरचा गुलाल पुसला आणि खात्याचा तो बारा आकडी नंबर कुठं लिहून ठेवलाय, ते आठवू लागला.