चिपाडातला उजेड

बागायतदार फवारणीला ‘औषध मारणं’ म्हणतो. त्या औषधाचा किती अंश फळात उरला, हे मात्र त्याला कधीच दिसत नाही. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे भारतीय द्राक्षं युरोपात अडली आणि त्याची झळ थेट नाशिकच्या बागांपर्यंत पोहोचली. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. म्हणजे दहा-दहा टनांचे दहा ट्रक माल आणि त्या सगळ्यात मिळून एक ग्रॅम औषध! एवढं बारीक मोजणारी यंत्रं प्रयोगशाळांत आहेत आणि निर्यातीचा माल तिथे जातोही. पण आठवडी बाजारातल्या वांग्यांच्या पाटीचा नमुना कोण पाठवणार? औषधाचा अंश जागच्या जागी ओळखणारे संवेदक बनवणं हा आमचा विषय, आणि त्याचं खरं काम त्या पाटीपाशी आहे, असं मी मानतो.

अशा संवेदकाची सुरुवात उसाच्या चिपाडापासूनही करता येते. चिपाड वाळवून दळायचं, पाण्यासह टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या पोलादी भांड्यात घट्ट बंद करायचं आणि 180 ते 200 अंशांवर काही तास ठेवायचं. गार झाल्यावर कोऱ्या चहासारखं द्रावण निघतं. ते गाळून अतिनील दिव्याखाली धरलं की निळं उजळतं. त्यात उजळणारे कण म्हणजे कार्बन ठिपके, दहा नॅनोमीटरहूनही लहान. 2004 मध्ये कार्बनच्या नलिका शुद्ध करताना ते अवचित हाती लागले.

आता औषध ओळखायचं कसं? ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात; किडीचं, आणि तोंडाला फडकं न बांधता फवारणाऱ्या माणसाचंही. तेच विकर ठिपक्यांच्या जोडीला ठेवलं, तर औषधाने त्याचं काम मंदावताच उजेड बदलतो. कीड ज्या घावाने मरते, तोच घाव इथे साक्ष देतो.

ही साक्ष अपुरी आहे, हेही नव्या अभ्यासकाने आधीच जाणून घ्यावं. विकर अडलं एवढं कळतं, कोणत्या औषधाने अडवलं ते कळत नाही. शिवाय उन्हाच्या तापाने विकर मरतं, आणि पालकाच्या रसातलं हरितद्रव्य स्वतःच चमकून गोंधळ घालतं. संवेदक नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात तपासून मिळालेले देखणे आकडे मला म्हणूनच फारसे भुलवत नाहीत.

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाचं मनापासून स्वागत. रसायनशास्त्रातून या, नाहीतर थेट शेतातून या. पहिल्याच आठवड्यात वांगी आणून त्यांचा रस काढा आणि त्यात आपला संवेदक तपासा. आणि प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर चिपाड कोणत्या जातीच्या उसाचं, कधीच्या तोडीचं, किती दिवस वाळवलेलं, ते आठवणीने लिहा. पुढच्या हंगामात ठिपके वेगळे उजळले, तर उत्तर बहुधा त्याच पानावर सापडेल.